तीसपैकी अठरा, शंभरपैकी साठ

नगर-मनमाड रस्त्यावर प्रवरेच्या काठी कोल्हार लागतं. भगवतीदेवीचं ठाणं आणि बाजारपेठ म्हणून पंचक्रोशीत ते ओळखलं जातं. इथूनच लोणी, संगमनेर, अकोले करत घोटीला जाणारा रस्ता फुटतो. त्या रस्त्याला वळलं की दहा किलोमीटरच्या आत लोणी. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं 1950 च्या सुमारास इथं सहकारी साखर कारखाना उभा केला. 1964 मध्ये प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्था स्थापन झाली. 1983 मध्ये राज्य सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि उसाच्या या पट्ट्यात इंजिनिअरिंग कॉलेजही आलं. पूर्वी डिग्रीसाठी पुण्याची वाट धरावी लागणारी मुलं घरचा डबा घेऊन बीई करू लागली.

पदवी मात्र पुणे विद्यापीठाची. 1949 मध्ये स्थापन झालेलं आणि 2014 पासून सावित्रीबाई फुले यांचं नाव धारण करणारं हे विद्यापीठ पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर या तिन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांना गुणपत्रिका देतं. ही गुणपत्रिका कोल्हारमध्ये वाचायला कुणाला अडचण येत नाही. डिस्टिंक्शन म्हणजे काय, फर्स्ट क्लास म्हणजे काय, केटी लागणं म्हणजे काय, हे वडापावच्या गाडीवरही ठाऊक असतं. अडचण येते ती ही गुणपत्रिका देशाबाहेर निघाली की.

गेल्या काही वर्षांत मराठी मुलांच्या नकाशावर इटली ठळक झाली आहे. मिलान, तोरिनो, बोलोन्या, पादोव्हा इथल्या विद्यापीठांत इंग्रजी माध्यमाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. सरकारी विद्यापीठांची फी कुटुंबाच्या उत्पन्नानुसार ठरते आणि प्रादेशिक शिष्यवृत्त्याही मिळतात. म्हणून पुण्या-नगरची मुलं अर्ज करतात. अर्जासोबत विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट जोडतात, त्यावर अपोस्टील करून घेतात (भारतात ही पद्धत 2005 पासून लागू आहे), आणि विद्यापीठ मागेल त्याप्रमाणे मुंबईच्या इटालियन वकिलातीकडून पदवीच्या मूल्याचं पत्र किंवा रोममधल्या ‘चिमेआ’ या केंद्राचं समकक्षतेचं प्रमाणपत्र मिळवतात. इतके शिक्के बसूनही एक प्रश्न उरतोच. पुण्याचे 66 टक्के म्हणजे इटलीत किती? आणि तिकडून शिकून आलेल्याचे 110 पैकी 95 म्हणजे इकडे किती?

तीन परीक्षक, प्रत्येकी दहा गुण

इटलीत प्रत्येक विषयाची परीक्षा 30 गुणांची असते आणि उत्तीर्ण व्हायला 18 लागतात. पदवीचा अंतिम निकाल 110 पैकी लागतो आणि तिथं उत्तीर्णतेची रेषा 66 वर आहे. शंभराची सवय असलेल्या माणसाला हे आकडे विचित्र वाटतात, पण त्यामागं सरळ हिशेब आहे. जुन्या नियमानुसार विषयाच्या परीक्षेला तीन परीक्षक बसत आणि प्रत्येकाच्या हाती दहा गुण असत. म्हणून तीस. अंतिम पदवी परीक्षेच्या मंडळात अकरा सदस्य असत आणि प्रत्येकाकडे पुन्हा दहा गुण. म्हणून एकशे दहा. दहापैकी सहा म्हणजे पास, हा इटालियन शाळेतला पाया. तीन सक्कं अठरा आणि अकरा सक्कं सहासष्ट.

तीसच्या वर आणखी एक पायरी आहे. उत्तर असामान्य असेल तर परीक्षक ‘त्रेंता ए लोदे’ देतात, म्हणजे तीस आणि वर प्रशंसा. पदवीलाही ‘110 ए लोदे’ मिळू शकतं. तिथं ‘लोदे’ साधारणपणे मंडळाच्या एकमतानंच दिलं जातं. पदवी मिळालेली मुलं डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट घालून विद्यापीठाबाहेर फोटो काढतात. पदवीचं ‘लाउरेआ’ हे नावही त्याच झाडावरून आलं आहे.

आता साधं त्रैराशिक मांडून पाहावं. 30 पैकी 18 म्हणजे साठ टक्के. 110 पैकी 66 म्हणजेही साठ टक्के. पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या टक्केवारी पद्धतीत 40 ला पास, 60 ला फर्स्ट क्लास आणि 66 ला फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन मिळत असे. म्हणजे इटलीत जेमतेम काठावर पास झालेला विद्यार्थी या हिशेबानं पुण्यात येताच फर्स्ट क्लासमध्ये बसतो. उलट बाजूनं पुण्यात 59 टक्के मिळवून हायर सेकंड क्लासमध्ये आलेल्या मुलीचे तीसपैकी 17.7 होतात आणि इटलीत ती चक्क नापास ठरते. गणितात चूक कुठंच नाही. तरीही दोन्ही उत्तरं अन्यायाची आहेत.

एकाच गुणपत्रिकेची तीन उत्तरं

हा अन्याय टाळायला पास होण्याची रेषा हिशेबात घ्यावी लागते. पुण्याचे 40 इटलीच्या 66 वर ठेवायचे, पुण्याचे 100 इटलीच्या 110 वर, आणि मधलं अंतर सारख्या प्रमाणात वाटायचं. असं केलं की 66 टक्क्यांचे 110 पैकी साधारण 85 होतात. साध्या त्रैराशिकानं हेच गुण 73 भरले असते. बारा गुणांचा फरक केवळ रीत बदलल्यानं पडला.

जर्मनीत हीच कल्पना ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ या नावानं वापरली जाते आणि जर्मनीला जाणाऱ्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याची तिच्याशी गाठ पडते. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकानं भागायचं, तीननं गुणायचं आणि एक मिळवायचा. तिकडे 1 हा सर्वोत्तम गुण आणि 4 हा शेवटचा उत्तीर्ण गुण असल्यानं मोजणी उलटी चालते. 66 टक्के या सूत्रात घातले की उत्तर येतं 2.7. जर्मन श्रेणीत 2.6 ते 3.5 या पट्ट्याचं वर्णन ‘समाधानकारक’ असं केलं जातं. लोणीत ज्या निकालावर पेढे वाटले गेले, तो निकाल जर्मनीत समाधानकारक या शब्दावर येऊन थांबतो.

सूत्र पासाची रेषा ओळखतं, पण परीक्षकाचा हात ओळखत नाही. मराठी शिक्षणपद्धतीत पेपर तपासणारा शंभरपैकी शंभर क्वचितच देतो. अभियांत्रिकीच्या लेखी पेपरात पंचाहत्तरच्या वर जाणं हेच मोठं समजलं जात आलं. इटलीत पूर्ण तीस मिळणं ही चांगल्या विद्यार्थ्याकडून केली जाणारी रास्त अपेक्षा आहे. ‘अल्मालाउरेआ’ ही विद्यापीठांची संस्था दरवर्षी पदवीधरांचा अहवाल काढते. त्यानुसार अलीकडच्या वर्षांत सरासरी अंतिम गुण 110 पैकी 104 च्या आसपास आहेत. जिथं सरासरी विद्यार्थी 104 वर आहे, तिथं सूत्रानं मिळालेले 85 घेऊन जाणारा डिस्टिंक्शनवाला तळातला वाटणार हे उघड आहे.

ही सरासरी इतकी वर का, याची कारणं तिथल्या परीक्षेच्या रीतीत सापडतात. बऱ्याच परीक्षा तोंडी असतात. एका विषयाच्या परीक्षेच्या अनेक तारखा वर्षभरात येतात, त्यांना ‘अप्पेल्लो’ म्हणतात. परीक्षकानं 22 देऊ केले आणि विद्यार्थ्याला ते पटले नाहीत, तर अनेक ठिकाणी तो ते नाकारून पुढच्या तारखेला पुन्हा बसू शकतो. नापास झालेली परीक्षा सहसा सरासरीत धरली जात नाही. पूर्वी हे सारे गुण ‘लिब्रेत्तो’ नावाच्या छोट्या वहीत परीक्षकाच्या सहीनिशी लिहिले जात, आता ते ऑनलाइन असतात. शेवटी विषयांची सरासरी 110 च्या मापात आणली जाते. 27 ची सरासरी असेल तर 99 होतात. प्रबंधासाठी मंडळ त्यात काही गुणांची भर घालतं, आणि 99 चे 104 व्हायला फार काही लागत नाही.

म्हणून युरोपनं गेल्या काही दशकांत सूत्रापेक्षा वाटणीवर भर दिला. आधी ईसीटीएस पद्धतीत अ ते ई अशा पाच श्रेणी होत्या. उत्तीर्ण झालेल्यांतले पहिले 10 टक्के अ, पुढचे 25 टक्के ब, मग 30, मग 25 आणि शेवटचे 10 टक्के ई. 2009 च्या मार्गदर्शिकेत ही रीत मागे पडली आणि तिच्या जागी गुणवितरणाचा तक्ता आला. एखाद्या अभ्यासक्रमात मागच्या काही वर्षांत किती टक्के मुलांना कोणते गुण मिळाले, एवढंच तो तक्ता सांगतो. समजा, पुण्याच्या एखाद्या शाखेत 66 टक्क्यांच्या वर फक्त एक पंचमांश मुलं असतील, तर त्यांची तुलना इटलीतल्या वरच्या एक पंचमांश मुलांशी करायची. मग आकडे कोणतेही असोत. हे तिसरं उत्तर पहिल्या दोहोंपेक्षा कितीतरी न्याय्य आहे, फक्त त्यासाठी दोन्ही विद्यापीठांनी आपले तक्ते जाहीर केलेले असावे लागतात.

‘लोदे’ला इंग्रजीत काय म्हणायचं

आकड्यांपेक्षा शब्द अधिक फसवे आहेत. इटालियन गुणपत्रिका इंग्रजीत आणताना पहिली ठेच ‘ए लोदे’ला लागते. सरळ भाषांतर ‘कुम लाउदे’ असं होतं, कारण मूळ लॅटिन शब्द तोच. पण अमेरिकेत या लॅटिन बिरुदांच्या तीन पायऱ्या आहेत. ‘कुम लाउदे’ सर्वांत खालची, त्यावर ‘माग्ना’ आणि सर्वांत वर ‘सुम्मा’. इटलीत सर्वोच्च असलेला निकाल या एका शब्दानं अमेरिकेत तिसऱ्या पायरीवर जाऊन पडतो.

सुम्मा कुम लाउदेशी मराठी वाचकाची ओळख जुनी आहे. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी 1929 मध्ये हार्वर्डमधून ही बिरुदावली घेऊन पदवीधर झाले आणि पुढं फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. अनेक इटालियन विद्यापीठं इंग्रजी कागदपत्रांत ‘110 ए लोदे’साठी सुम्मा कुम लाउदे लिहितात ते सर्वोच्च निकाल खालच्या पायरीवर घसरू नये म्हणूनच.

‘विथ ऑनर्स’ असं लिहिलं तर वेगळाच गोंधळ होतो. ब्रिटिश परंपरेत ऑनर्स हा पदवीचा प्रकार आहे. भारतातही नव्या शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांच्या पदवीला ऑनर्स म्हणतात. लोणीत किंवा कोल्हारमध्ये आज बीएस्सीला बसलेल्या मुलीला ‘ऑनर्स’ हा शब्द चौथ्या वर्षाशी जोडलेला दिसतो, गुणांशी नव्हे.

‘दोत्तोरे’चं तेच. इटलीत तीन वर्षांची लाउरेआ घेतलेल्यालाही कायद्यानं ही उपाधी मिळते. तिचं इंग्रजी डॉक्टर केलं तर पीएचडी नसलेला माणूस पीएचडीवाला ठरतो. आणि ‘मास्टर’ हा शब्द तर उघड सापळा आहे. इटलीतला ‘मास्टर’ हा पदवीनंतरचा 60 श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम असतो. आपल्या एमए, एमएस्सी, एमटेकच्या जोडीला बसते ती ‘लाउरेआ माजिस्त्राले’, दोन वर्षांची आणि 120 श्रेयांकांची.

याला उत्तर म्हणून काही शब्द तसेच ठेवणं हा मार्ग मराठीनं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच दाखवून दिला आहे. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत संयुक्तपणे पहिले आले. पहिल्या वर्गात आलेल्यांना तिथं रँग्लर म्हणत आणि त्यांतल्या पहिल्याला सीनियर रँग्लर. मराठी वृत्तपत्रांनी आणि वाचकांनी तो शब्द जसाच्या तसा उचलला. परांजपे कायमचे रँग्लर परांजपे झाले. पुढं साताऱ्याच्या गणेश सखाराम महाजनींच्या नावामागेही तोच शब्द लागला. केंब्रिजनं क्रमवारीनं नावं जाहीर करणं 1909 नंतर बंद केलं, तरी मराठीत रँग्लर टिकला. ‘गणितात प्रथम वर्ग’ असं त्याचं भाषांतर झालं असतं, तर त्या यशाचं वजन अर्ध्यावर आलं असतं.

केटी आणि फुओरी कोर्सो

उलट दिशेनं जाणारे मराठी शब्दही तितकेच अवघड आहेत. एटीकेटी हे अक्षरचतुष्टय महाराष्ट्रातल्या प्रत्येक महाविद्यालयात रोज उच्चारलं जातं. ‘अलाउड टू कीप टर्म्स’ असं त्याचं पूर्ण रूप. विषय राहिला तरी पुढच्या वर्षात बसायची मुभा, असा अर्थ. इटलीतल्या प्रवेश अधिकाऱ्याला ही मुभाच समजत नाही. त्याच्याकडे राहिलेला विषय पुढच्या अप्पेल्लोला दिला जातो. त्यासाठी कुणाची मुभा घेण्याचा प्रश्नच येत नाही.

त्यांच्याकडे मात्र दुसरा शब्द आहे, ‘फुओरी कोर्सो’. अभ्यासक्रमाची ठरलेली वर्षं संपली, पण परीक्षा उरल्या, असा विद्यार्थी. आपल्याकडे या माणसासाठी नाव नाही, कारण त्याचा विषय राहिला हे आपण आधीच केटीच्या खात्यात नोंदवलेलं असतं. दोन्ही व्यवस्थांत मुलं मागे पडतात. ती कुठं पडली, हे नोंदवायच्या जागा वेगळ्या आहेत. म्हणून एटीकेटीचं इंग्रजी ‘फेल’ असं करणारा भाषांतरकार पुढच्या वर्षात रीतसर शिकत असलेल्या मुलाला कागदावर नापास करून टाकतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा बिंदूंच्या श्रेणीनंही काही जागा निसरड्या केल्या आहेत. तिच्यात ‘ओ’ म्हणजे आउटस्टँडिंग, 10 बिंदू. त्याखाली ‘ए प्लस’ 9, ‘ए’ 8, आणि असं करत ‘पी’ म्हणजे पास, 4 बिंदू. अमेरिकन पद्धतीची सवय असलेला वाचक ए प्लसला शिखर समजतो आणि त्याच्या वर काही असू शकतं हे त्याच्या मनातही येत नाही. ‘ओ’ तर छापील कागदावर शून्यासारखा दिसतो. ज्या विषयात मुलीला सर्वोच्च श्रेणी मिळाली, तिथंच परक्या डोळ्याला भोपळा दिसण्याची भीती.

श्रेयांकांचा हिशेबही ओळखीचा वाटतो, पण एक नाही. इटलीत एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे 25 तासांचे काम आणि वर्षाला असे 60, म्हणजे 1500 तास. भारताच्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला 40 श्रेयांक आणि 1200 तास धरले आहेत. म्हणजे आपला एक श्रेयांक 30 तासांचा. संख्या पाहून 40 ला 60 पेक्षा कमी ठरवणं घाईचं, आणि दोन्ही वर्षं सारखीच मानणंही घाईचं.

गुण तसेच, अर्थ शेजारी

या सगळ्यातून एक कार्यपद्धती पुढं आली आहे आणि ती महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी उचलण्याजोगी आहे. मूळ गुणाला हात लावायचा नाही. तीसपैकी 24 असतील तर इंग्रजीतही तीसपैकी 24 च लिहायचे, ‘ए लोदे’ असेल तर तेही तसंच. त्याशेजारी किंवा पाठीमागं कमाल गुण, पास होण्याची रेषा, श्रेणींची नावं आणि गुणांची वाटणी द्यायची. युरोपातल्या विद्यापीठांत पदवीसोबत मिळणारं ‘डिप्लोमा सप्लिमेंट’ हेच करतं. त्याचे आठ भाग ठरलेले आहेत आणि चौथ्या भागात गुणपद्धतीचं स्पष्टीकरण येतं. इटलीची विद्यापीठं ते इटालियन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत देतात. पुण्याच्या ट्रान्सक्रिप्टमागे श्रेणीचा तक्ता असतो, पण त्या तुकडीत किती जणांना कोणती श्रेणी मिळाली हे सांगणारी एक ओळ जोडली, तर ग्रामीण महाविद्यालयातल्या मुलांना तिचा सर्वाधिक फायदा होईल. मोठ्या शहरातल्या नामांकित संस्थेचं नाव परदेशी अधिकाऱ्यानं ऐकलेलं असतं. लोणीचं नाव त्याच्यासाठी नवं असतं. त्या मुलाची बाजू मांडायला कागदावरचे आकडेच असतात.

परतीच्या वाटेवर तर ही काळजी आणखी निकडीची ठरते. इटलीतून लाउरेआ माजिस्त्राले घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला महाराष्ट्रात सहायक प्राध्यापक व्हायचं असेल, तर पदव्युत्तर पदवीला खुल्या प्रवर्गात किमान 55 टक्के लागतात. परदेशी पदवीची समकक्षता आधी भारतीय विद्यापीठ संघ ठरवत असे. एप्रिल 2025 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं त्यासाठी स्वतःचे नियम अधिसूचित केले. पण पदवी समकक्ष ठरली तरी टक्केवारीचा प्रश्न सुटत नाही. साधं त्रैराशिक मांडलं तर इटलीत सर्वांत कमी गुणांनी पास झालेल्याचेही 60 टक्के होतात आणि 55 ची अट आपोआप निरर्थक ठरते. पासाची रेषा जुळवून पाहिलं तर तीच अट 110 पैकी 77 वर जाते, आणि 66 ते 76 मध्ये आलेला उमेदवार बाहेर पडतो. दोन पद्धतींत अकरा गुणांचं अंतर आहे आणि त्यात एखाद्याची नोकरी बसते. निवड समितीनं कोणती पद्धत वापरली हे जाहिरातीतच लिहावं, म्हणजे अर्ज भरणाऱ्याला आपण कुठं आहोत हे अर्ज भरण्यापूर्वी कळेल.